टीव्हीच्या पांढऱ्यातली नीळ

वाचकांचे प्रश्न : घरातली यंत्रे

या वेळी आलेली चार पत्रे घरच्या टीव्हीच्या चित्रासंबंधी आहेत आणि चारही बडोद्याची आहेत. पहिल्या पत्रातला प्रश्न पुष्कळांच्या घरातला असल्यामुळे त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेला ५५ इंची एलईडी टीव्ही आहे. गेल्या महिन्यात बाबांच्या उजव्या डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यापासून त्यांची तक्रार आहे की टीव्ही निळा दिसतो, माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे वाटतात आणि पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त झाल्यासारखी दिसते. घरातल्या बाकी कोणालाच फरक जाणवत नाही. दुकानाने पाठवलेल्या तंत्रज्ञाने पॅनेल चांगले असल्याचे सांगितले. मुलगा म्हणतो की टीव्हीचे व्यावसायिक कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्राने मोजून चित्राची जुळवणी, करून घ्यावे. पत्नीचे म्हणणे असे की बाबांना नव्या डोळ्याची सवय व्हायची आहे, त्यासाठी टीव्हीवर पैसे घालण्याची गरज नाही. आम्ही काय करावे?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : बाबांचे म्हणणे खरे असावे. तुमचा टीव्ही बहुधा घरी आला त्या दिवसापासूनच निळा आहे; ते ओळखणारा डोळा घरात गेल्या महिन्यात आला.

वयोमानाप्रमाणे डोळ्यातले नैसर्गिक भिंग हळूहळू पिवळसर होत जाते आणि प्रकाशातला निळा भाग अडवू लागते. हे इतक्या सावकाश घडते की ज्याचे त्याला कळत नाही. शस्त्रक्रियेत ते भिंग काढून स्वच्छ कृत्रिम भिंग बसवले, की इतकी वर्षे अडलेला निळा प्रकाश एकदम आत येतो आणि काही काळ सगळेच उजळ व निळसर भासते. पुढे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मेंदू त्याला सरावतो, म्हणून तुमच्या पत्नीचे निरीक्षणही चुकीचे नाही. यात डोळ्याचा वाटा किती आणि टीव्हीचा किती, हे घरीच ताडून पाहता येईल. सकाळच्या उन्हात, गॅलरीत किंवा अंगणात, बाबांच्या हातात चिनी मातीची पांढरी बशी द्या. धुतलेला रुमाल किंवा कोरा कागद देऊ नका, कारण धुण्याच्या पावडरीत आणि कागदात निळसर चमक आणणारी द्रव्ये घातलेली असतात. बशीही निळी दिसली तर डोळा अजून रुळतो आहे असे समजा. बशी पांढरी दिसत असेल आणि टीव्हीवरचा सदरा तेवढा निळा वाटत असेल, तर मात्र टीव्हीकडे लक्ष द्यायला हवे. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर एकेक डोळा झाकून पडद्याकडे पाहायला सांगा. दोन डोळ्यांनी दोन वेगळे पांढरे दिसतात हे त्यांच्या तोंडून ऐकले, म्हणजे घरातल्यांचाही त्यांच्यावर विश्वास बसेल.

आता टीव्ही निळा का असतो, ते पाहू. धुतलेल्या पांढऱ्या कपड्याला आपल्या घरांत नीळ देण्याची रीत होती. सुती कापड जुने होता होता पिवळट पडते. त्यावर निळीची किंचित झाक आली की पिवळेपणा मारला जातो आणि कापड होते त्याहून पांढरे भासते. टीव्ही बनवणारे नेमके हेच करतात. दुकानात ओळीने दहा-वीस टीव्ही लागलेले असतात, वर ट्यूबलाइटचा लख्ख उजेड असतो, आणि गिऱ्हाईक प्रत्येकासमोर अर्धा मिनिट उभे राहते. तेवढ्यात नजर जाते ती ज्याचा पांढरा सर्वांत निळा आणि चित्र सर्वांत झगझगीत त्याच्याकडेच. त्यामुळे ‘व्हिव्हिड’, ‘डायनॅमिक’ आणि पुष्कळदा ‘स्टँडर्ड’ या नावाच्या पिक्चर मोडमध्येही पांढऱ्याचे रंगतापमान ९००० ते १२००० केल्विनच्या आसपास ठेवलेले आढळते. हा आकडा जितका चढा, तितकी निळाई अधिक. प्रमाण पांढरा मात्र सुमारे ६५०० केल्विनचा, म्हणजे साधारणतः भर दिवसाच्या उजेडासारखा आहे.

हे प्रमाण कोणा एकाच्या आवडीतून आलेले नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९० साली हाय डेफिनिशन चित्रासाठी जे मानक मान्य केले, त्यात तीन मूळ रंग आणि हा पांढरा अंकांनी बांधून दिलेला आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा कोणत्या चढणीने उजळत जाव्यात, याचा नियम त्याच संघाने २०११ साली वेगळ्या शिफारशीत दिला. त्या चढणीला गॅमा म्हणतात आणि तिचा घातांक २.४ आहे. चित्रपटाच्या किंवा मालिकेच्या रंगांवर शेवटचा हात फिरवणारा माणूस अंधाऱ्या खोलीत, याच प्रमाणाला जुळवलेल्या मॉनिटरसमोर बसतो. हाय डायनॅमिक रेंज (एचडीआर, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला पल्ला वाढवलेले चित्र) नसलेल्या चित्रासाठी त्या मॉनिटरचा सर्वांत उजळ पांढरा सुमारे १०० निट इतकाच ठेवलेला असतो; निट हे पडद्याची उजळी मोजण्याचे एकक आहे. आपल्या घरचा पडदा त्या मॉनिटरच्या शक्य तितका जवळ आणणे, इतकाच कॅलिब्रेशनचा अर्थ आहे. चित्र अधिक सुंदर करून देणे हे त्याचे काम नाही, आणि तसे आश्वासन कोणी देत असेल तर सावध राहावे.

बडोदेकरांना हे समजावणे सोपे आहे. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात आहेत, आणि १८९४ साली त्यांनी काढलेल्या छापखान्यातून निघालेली चित्रे जुन्या घरांच्या भिंतींवर आपण पाहत आलो आहोत. आमच्याही घरी असे एक छापील चित्र होते. मोठेपणी संग्रहालयातल्या मूळ चित्रांसमोर उभा राहिलो, तेव्हा चेहऱ्याच्या कातडीत किती छटा असू शकतात हे प्रथम कळले; छापात त्या सगळ्या एका गुलाबी रंगात बुडाल्या होत्या. छाप वाईट होता असे मला तोवर कधीच वाटले नव्हते, कारण डोळ्यांसमोर तेवढाच होता. तुमच्या घरातल्या बाकीच्या मंडळींचे टीव्हीच्या बाबतीत तसेच झाले आहे.

बाबांच्या डोळ्यासाठी टीव्ही वेगळा जुळवावा लागेल का, अशी शंका तुमच्या पत्रातून डोकावते. तसे करावे लागत नाही. ज्या डोळ्याने ते टीव्ही पाहतात, त्याच डोळ्याने समोर बसलेल्या नातवाचा चेहराही पाहतात. पडद्यावरचा चेहरा खऱ्या चेहऱ्यासारखाच प्रकाश डोळ्याकडे पाठवू लागला, की डोळा पिवळा असो वा स्वच्छ, दोन्ही चेहरे एकमेकांशी जुळतील.

पैसे खर्च करण्यापूर्वी हातातल्या रिमोटने होणारे काम करून घ्या, कारण पुष्कळ घरांत सुधारणेचा मोठा भाग तिथेच मिळतो. पिक्चर मोडमध्ये ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर मोड’ निवडा. यातला शेवटचा २०१९ साली यूएचडी अलायन्स या टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या संघटनेने जाहीर केला, आणि तो चित्र बनवणाऱ्याच्या हेतूला धरून राहण्यासाठीच आहे. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ करा. त्यात एक आणि दोन असे प्रकार असतील तर दोन घ्या. वीज वाचवण्याची सोय आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारी सोय बंद ठेवा, कारण या दोन्ही चालू असताना पडदा एका जागी स्थिर राहत नाही. शार्पनेस बहुतेक टीव्हींवर शून्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ असावी. ती वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ तेवढी उमटते. ब्राइटनेस हे नाव फसवे आहे. बहुतेक टीव्हींवर त्याने काळ्याची पातळी ठरते आणि कॉन्ट्रास्टने पांढऱ्याची. पडद्याची एकंदर उजळी ‘बॅकलाइट’ या वेगळ्या सेटिंगमध्ये असते, आणि काही कंपन्या नेमके त्यालाच ब्राइटनेस म्हणतात. रात्रीचा प्रसंग लावून पाहा. काळ्या केसांतल्या बटा दिसेनाशा झाल्या असतील तर काळ्याची पातळी फार खाली गेली आहे. रात्रीचे आकाश राखाडी दिसत असेल तर ती फार वर आहे.

हे केल्यावर पहिले दोन-तीन दिवस घरातले सगळे म्हणतील की चित्र पिवळे पडले. बाबा तेवढे म्हणणार नाहीत. इतरांनी किमान पंधरा दिवस काहीही न बदलता पाहावे आणि मग एकदा जुना मोड लावून बघावा. तेव्हा तुमच्या पत्नीला बाबांची तक्रार स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

आता व्यावसायिक कॅलिब्रेशनकडे वळू. ते कसे होते हे आधी माहीत असले, म्हणजे आलेला माणूस खरोखर काम करतो आहे की मेनू चाळून दाखवतो आहे हे ओळखता येते. टीव्ही आधी अर्धा ते पाऊण तास चालू ठेवावा लागतो, कारण थंड पॅनेलचे रंग गरम होता होता सरकतात. मग खोलीत अंधार करून पडद्यावर ठरावीक राखाडी आणि रंगीत चौकोन दाखवले जातात, आणि पडद्यासमोर किंवा पडद्याला टेकवून ठेवलेला कलरीमीटर प्रत्येक चौकोनाचा प्रकाश मोजतो. कलरीमीटर वेगाने आणि गडद छटांतही चांगला मोजतो, पण पॅनेलच्या प्रकाराप्रमाणे त्याचे माप थोडे चुकते. म्हणून जाणकार माणूस सोबत स्पेक्ट्रोरेडिओमीटर हे सावकाश पण अधिक अचूक मोजणारे यंत्र आणतो, तुमच्याच पडद्यावर दोन्हींची मापे घेतो आणि कलरीमीटरला आधी दुरुस्त करून घेतो. पुढचा क्रम ठरलेला आहे. प्रथम काळ्या-पांढऱ्याच्या पातळ्या, मग राखाडी छटा, म्हणजे काळ्याजवळपासून शुभ्र पांढऱ्यापर्यंतच्या प्रत्येक पायरीवर लाल, हिरवा आणि निळा यांचे प्रमाण समतोल करणे. त्यासाठी मेनूत ‘व्हाइट बॅलन्स’ ही सोय असते; ती साध्या टीव्हींत दोन बिंदूंची, म्हणजे दोन पायऱ्यांवर जुळवता येणारी, आणि चांगल्या टीव्हींत दहा किंवा वीस बिंदूंची असते. नंतर गॅमा, आणि शेवटी प्रत्यक्ष रंग. राखाडी नीट बसली की रंगांचे बरेचसे काम आपोआप झालेले असते; म्हणून जो माणूस आल्या आल्या लाल आणि हिरव्याला हात घालतो, त्याचा मला भरवसा वाटत नाही.

प्रत्येक मापातला प्रमाणापासूनचा फरक ‘डेल्टा ई’ या आकड्याने सांगतात. तो ३ च्या खाली असेल तर चालत्या चित्रात चूक सहसा नजरेला येत नाही. १ च्या खाली गेला तर उत्तम. कामापूर्वीचे आणि कामानंतरचे असे दोन्ही आकडे लेखी मागून घ्या. पडद्याकडे नुसते पाहून ‘आता छान झाले’ म्हणणाऱ्याला मोबदला देऊ नये, कारण तुमच्या घरातल्या बाकीच्यांचे डोळे जसे निळ्याला सरावले, तसा त्याचाही डोळा कशालाही सरावू शकतो. साधे चित्र आणि एचडीआर चित्र यांची सेटिंग वेगवेगळी असतात, डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्या एका प्रकाराची आणखी वेगळी. बोललेल्या रकमेत काय काय येते हे आधीच स्पष्ट करून घ्या. नीट केलेल्या कामाला काही तास लागतात. नेहमीच्या मेनूतून होणाऱ्या कामाने टीव्हीला अपाय होत नाही, पण कोणी सर्व्हिस मेनू, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यांसाठीचा लपवलेला मेनू, उघडण्याची गोष्ट काढली तर नकार द्या. तिथे चुकले तर टीव्ही निकामी होऊ शकतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो.

तुमच्यापुरता माझा सल्ला असा आहे की रिमोटने होणारे बदल आजच करा आणि महिनाभर थांबा. त्यानंतरही बाबांना चेहरे खटकत असतील, मेनूत निदान दहा बिंदूंचा व्हाइट बॅलन्स असेल आणि मोबदला टीव्हीच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाच्या आत असेल, तर मुलाचे म्हणणे ऐका. दुसऱ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कॅलिब्रेशन थांबवण्याचे कारण नाही. बाजूला बसल्यावर चित्र फिके दिसणे, पडद्याच्या कोपऱ्यातून उजेड झिरपणे, किंवा केबलवरच्या वाहिनीचे चित्र मुळातच भरड असणे यांवर मात्र कॅलिब्रेशनचा काही उपाय चालत नाही, हेही पैसे देण्यापूर्वी लक्षात असू द्या.

प्रश्न : माझ्याकडे आहे त्याच मॉडेलच्या एका टीव्हीचे कॅलिब्रेशन झाल्यानंतरचे सगळे आकडे मला मिळाले आणि मी ते जसेच्या तसे भरले. आता राखाडी रंगात हिरवी झाक दिसते. माझे काय चुकले?
– एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन पॅनेलांतही थोडा फरक असतो, आणि व्हाइट बॅलन्सचे आकडे तोच फरक भरून काढण्यासाठी असतात. दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला चालत नाही, तसेच हे आहे. मोड, कलर टेंपरेचर, शार्पनेस, गॅमा यांची निवड उसनी घ्यायला हरकत नाही. व्हाइट बॅलन्स आणि रंगव्यवस्थेचे आकडे शून्यावर परत आणा. तुमच्याकडे ॲपल टीव्हीचा बॉक्स आणि फेस आयडी असलेला आयफोन असेल, तर फोन पडद्यासमोर धरून रंगांचा समतोल साधण्याची एक सोय २०२१ पासून मिळते. ती टीव्हीत काही बदलत नाही, त्या बॉक्समधून येणारे चित्र तेवढे सुधारते. सेट-टॉप बॉक्सला तिचा उपयोग नाही आणि डॉल्बी व्हिजनमध्ये ती चालत नाही. ती मोजणीच्या यंत्राची जागा घेत नाही, पण विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी आहे.

प्रश्न : आमच्या दिवाणखान्याची मोठी खिडकी पश्चिमेला आहे आणि टीव्हीमागची भिंत आम्ही हौसेने गडद केशरी रंगवली आहे. कॅलिब्रेशन करणाऱ्याने फोनवरच सांगितले की आधी खोलीचे पाहा, मग मला बोलवा. तो काम टाळतो आहे का?
– एक वाचिका, मांजलपूर

उत्तर : मुळीच नाही. त्याने प्रामाणिक सल्ला दिला आहे आणि मी तुमच्या जागी असतो, तर याच माणसाला बोलावले असते. बडोद्याच्या उन्हाळ्यात दुपारी तीन ते सहा पश्चिमेच्या खिडकीतून जो उजेड आत येतो, त्यापुढे पडद्यावरचे काळे राखाडी होते, आणि कॅलिब्रेशनने मिळवलेले गडद छटांतले सारे बारकावे त्यात बुडून जातात. दुहेरी अस्तराचा जाड पडदा लावलात तर चित्राचे भले होईल आणि खोलीही थंड राहील.

भिंतीचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. पडद्याभोवती केशरी रंग सतत दिसत राहिला की डोळा त्याची भरपाई करू लागतो, आणि बरोबर असलेला पांढराही निळसर भासतो. सगळी भिंत पुन्हा रंगवायची नसेल, तर टीव्हीमागचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा हात-दीड हाताचा पट्टा राखाडी करून घ्या. राखाडीत निळी किंवा पिवळी झाक नसावी. रात्री पूर्ण अंधारात पाहण्याऐवजी टीव्हीच्या मागे, नजरेला न दिसेल असा ६५०० केल्विनचा मंद दिवा लावा. भिंतीवरचा त्याचा उजेड पडद्याच्या सर्वांत उजळ पांढऱ्याच्या दहाव्या हिश्शाइतका असला की पुरे. याने डोळ्यांवरचा ताण कमी होतो आणि काळे अधिक काळे वाटते. पिवळ्या उजेडाचे दिवे जेवणाच्या खोलीत छान दिसतात. टीव्हीशेजारी ते केशरी भिंतीसारखेच वागतात. कॅलिब्रेशनवाल्याकडून दिवसाची आणि रात्रीची अशी दोन वेगळी सेटिंग करून घ्या. दोन्हींचा पांढरा एकच असेल, दिवसाची उजळी तेवढी जास्त असेल.

प्रश्न : नव्या ओएलईडी टीव्हीचे कॅलिब्रेशन करून घेतले. चित्रपट अप्रतिम दिसतात, पण क्रिकेट पाहताना मुले म्हणतात की पूर्वीचेच बरे होते, आता चित्र मंद आहे आणि चेंडू तुटक दिसतो. आम्ही फसलो का?
– एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : फसला नाहीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो, आणि त्याच्या मधल्या चौकटी टीव्हीने स्वतः तयार करून घालणे हा त्या चित्रपटावर अन्याय आहे, म्हणून कॅलिब्रेशन करणारा ती सोय बंद करतो. क्रिकेटच्या वेगवान चेंडूला मात्र तिची थोडी मदत होते. मुलांसाठी दुसरा पिक्चर मोड घ्या, त्यात व्हाइट बॅलन्स तोच ठेवा, उजळी वाढवा आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय अगदी खालच्या पातळीवर चालू करा. दिवसा उजेडात सामना पाहताना १०० निटांचा आग्रह धरायचा नसतो. तो आकडा अंधाऱ्या खोलीचा आहे. ओएलईडीवर, म्हणजे ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा पडद्यावर, हिरव्या मैदानासारखा मोठा उजळ भाग आला की टीव्ही स्वतःच एकंदर उजळी खाली आणतो, हा त्या पॅनेलचा स्वभाव आहे आणि कॅलिब्रेशनने तो जात नाही.

कॅलिब्रेशन टीव्ही किती तास चालल्यावर झाले, हे तुम्ही लिहिलेले नाही. नवे पॅनेल पहिल्या काहीशे तासांत थोडे बदलते, म्हणून खोक्यातून काढल्या काढल्या काम झाले असेल तर वर्षभराने एकदा पुन्हा मोजून घ्या. तोवर प्रत्येक मोडमधल्या सेटिंगच्या पानांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवा, कारण सॉफ्टवेअर अपडेटनंतर हे आकडे कधी कधी पुसले जातात आणि पाहणाऱ्याला ते लगेच कळत नाही.